एकसष्ट घरं, सगळं उत्तम

वाइतोआ, सवाई बेट
११ ऑगस्ट

प्रिय फालानिको,

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. एका अर्थी बरंच आहे. पत्र स्पीकरवर लावता येत नाही.

पाच आठवड्यांपूर्वी तू शेवटचं बोललास, "आजपासून मला बहीण नाही," तेव्हा फोन नेहमीसारखा घराच्या मधोमध उशीवर ठेवलेला होता आणि भोवती चौदा माणसं बसली होती. चौदा जणांनी ते ऐकलं. तुझ्या दाजींनी पटकन फोन बंद केला आणि म्हणाले, "लाइन गेली वाटतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. कोकोचे पेले भरले गेले. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत साऱ्या गावाला कळलं, आणि गावानंही मला तेच सांगितलं: हल्ली लाइन फार जाते, आकेनेसे.

आपल्याकडे बहीण म्हणजे भावाचा करार. भाऊ तिच्यासमोर आवाज चढवत नाही, माशाचा चांगला तुकडा आधी तिच्या पानात जातो. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी तो तुकडा खाल्ला. त्यामुळे पहिले दोन आठवडे मी रुसून बसले होते, हे कबूल करते. ज्याच्या मुलीला आपण सांभाळायला घेतलं त्याच्यावरच रुसायला एक विशेष प्रकारचा निगरगट्टपणा लागतो. तो माझ्याकडे आहे, तुला माहीत आहे.

आता तुझ्या सिउलाबद्दल. ती आपिआ शहरात मावशीकडे, सेनेरिताच्या बहिणीकडे आहे, फाआसाओकडे. दवाखान्यातून सोडलं. पायाच्या जखमा भरल्या. ताटातलं खाते. बोलत नाही. मंगळवारी एक नर्स येते, तासभर तिच्यासमोर बसते आणि उठून जाते. नर्सनं आम्हा सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, "ह्याआधी हिनं कधी कुणाला काही सांगितलं होतं का?" फाआसाओ नाही म्हणाली. पाद्रीबुवा नाही म्हणाले. मीही नाही म्हणाले.

तुझ्याकडे कोण काय पोचवतंय ते मला ठाऊक आहे. तुझ्याबरोबर बागेत फांद्या छाटणारा शेजारच्या मातालोआ गावचा तो लेओता, आणि इथं त्याची बायको. मातालोआच्या बायकांना आपल्या गावाचं काही वाईट झालं की रात्री छान झोप लागते. त्यांचं ऐकू नकोस. सहा वर्षं तू तिकडे बागेत आणि सेनेरिता ऑकलंडला म्हाताऱ्यांच्या आश्रमात. ह्या सहा वर्षांत तुझी लेक एक दिवस उपाशी झोपली नाही, तिचा गणवेश एक दिवस चुरगळलेला नव्हता. मी तिच्या अंगाला बोट लावलं नाही. मुलं चिडवायची तिला, हो. मुलांच्या तोंडाला कुणी कुलूप घालायचं?

लाव्हाच्या पठारावर ती का गेली म्हणून विचारशील. मला काय माहीत? पोरी जातात फिरायला, वाट चुकतात. दोन दिवसांनी डुकरांच्या शिकारीला गेलेल्यांना सापडली. आता बरी आहे.

"बरी आहे" हे मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. सवय.

तुझी (तू काहीही म्हण) बहीण,
आकेनेसे


वाइतोआ
५ सप्टेंबर

फालानिको,

तुझं उत्तर आलं नाही. सेनेरिताची चिठ्ठी मात्र आली, फाआसाओच्या हाती. एकच ओळ आहे: "ताई, सिउला म्हणते एक कागद होता. कुठाय तो?"

म्हणजे ती बोलली. ती दोन महिन्यांनी पहिल्यांदा बोलली, ते आईशी, आणि ते ह्या कागदाबद्दल. मी ती चिठ्ठी वाचून स्वयंपाकाच्या खोपटात गेले आणि ज्या पोरी तारो सोलत होत्या त्यांना उगाचच झापलं की साली जाड काढताय. मग शाळेत गेले आणि चौथीच्या वर्गाला झापलं. पाचवीला झापायच्या आत शाळा सुटली.

कागदाचं सांगते. पण आधी उश्यांचं सांगायला हवं, नाहीतर तुला पटायचं नाही की मला हे करताना काहीच वाटलं नाही.

महिला समितीची तपासणी तुला आठवत असेल. शिट्टी वाजते आणि आम्ही घराघरांत शिरतो: मच्छरदाण्या, चादरी, ताटवाट्या, संडास, अंगणातली पानं. तुम्ही पुरुष तेव्हा मासेमारीला पळायचात. मासिनाबाई अध्यक्ष, मी चिटणीस. त्या बघतात, मी लिहिते, आणि शेवटी समितीच्या घरात सगळ्यांसमोर मी वाचून दाखवते. ज्यांचं घर नापास त्यांनी बिस्किटांचा डबा आणायचा. आता, वाइतोआत चांगल्या भरतकामाच्या उश्यांचा एकच जोड आहे, वाईफालेंच्या घरचा. तपासणीच्या दिवशी तो जोड आमच्या पुढे एक घर असतो. आम्ही पुढून शिरलो की उश्या मागच्या वाटेनं शेजारी जातात. अठरा वर्षं मी त्याच उश्यांना "उत्तम" असा शेरा देत आले आहे. मासिनाबाई एकदा मला म्हणाल्या, "ह्या उश्यांनी आपल्यापेक्षा जास्त घरं पाहिलीत गं." आम्ही हसलो. उशी उसनी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. न बोलणं हीच सभ्यता.

जूनच्या सुरुवातीला आरोग्य खात्याची माणसं फॉर्म देऊन गेली. घरटी एक, घरातल्या तरुण माणसानं भरायचा. दहा प्रश्न. गेल्या महिन्यात किती वेळा उदास वाटलं, किती वेळा वाटलं की आपला काही उपयोग नाही, असे. समोर चौकटी: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, सतत. वाटायचं आणि गोळा करायचं काम समितीचं. आणि त्याच महिन्यात जिल्ह्यातल्या सगळ्यांत निरोगी गावाला पाण्याची नवी टाकी मिळणार होती. फॉर्मचा आणि टाकीचा काही संबंध नव्हता. पण मासिनाबाई म्हणाल्या, "मातालोआवाले काय लिहितील कुणास ठाऊक. आपण आपलं नीट लिहू." एवढंच. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. साठ फॉर्म आले आणि साठांवर "कधीच नाही"च्या रांगेत खुणा, वरपासून खालपर्यंत, सरळ, मोजपट्टी लावल्यासारख्या. उत्तरंही मागच्या वाटेनं फिरली होती.

एकसष्टावा फॉर्म आपल्या घरचा. तो सिउलानं भरला. तिनं तो चिकटवून दिला होता, भाताची चार शितं लावून. मी तो उघडला. चिटणीस आहे, पाहायला नको? असं मी स्वतःला म्हणाले.

दहापैकी सात ठिकाणी "सतत". दोन ठिकाणी "बऱ्याचदा". एका प्रश्नावर तिनं दोन चौकटींवर खूण केली होती आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "दिवसावर आहे". शेवटी एक मोकळी ओळ होती, आपल्या मनानं भरायची. ती तुला आत्ता सांगत नाही. त्या ओळीपाशी आले की माझा हात थांबतो.

मी काय विचार केला ते सांगू? मला वाटलं, साठ स्वच्छ घरं आणि एक घाणेरडं, तेही चिटणिसाचं. मला वाटलं, मातालोआच्या बायका. टाकीही आठवली. सिउला कशी आहे, हे मात्र मनात आलं नाही. ती कशी आहे ते मला माहीतच होतं. फेब्रुवारीपासून ती तोंड शिवून बसली होती. आपण त्याला मूसू म्हणतो आणि मोकळे होतो. पोर मूसू झाली, दोन-चार दिवस तिच्या वाटेला जाऊ नका, आपोआप उतरेल. चार महिने उतरत नव्हतं. तरी मी तेच म्हणत होते. तू रविवारी फोनवर विचारायचास, "सिउला कशी आहे?" आणि मी म्हणायचे, "उत्तम! हे बघ इथंच आहे, बोल गं बाबांशी." ती फोनकडे वाकून म्हणायची, "बरी आहे, बाबा." चौदा माणसांच्या मधोमध बसून.

माझ्याकडे एक कोरा फॉर्म उरला होता. मी तो भरला. पहिली रांग, वरपासून खालपर्यंत. तिच्या नावाचा "स" ती जसा काढते तसाच काढला. अठ्ठावीस वर्षं मी मुलांना अक्षर शिकवलंय, एवढं जमणारच.

आता तुला कळलं मी नर्सपासून काय लपवलं ते.

आकेनेसे


वाइतोआ
१४ ऑक्टोबर

फालानिको,

परवा मुलांचा रविवार झाला. पांढऱ्या कपड्यांत सगळी पोरं, पाठांतरं, विसरलेल्या ओळी, देवळाबाहेर रडणारी एक आई. आमच्या रांगेत सिउलाची जागा मोकळी होती. कुणी तिथं बसलं नाही. कुणी तिकडे पाहिलंही नाही. नजर न टाकण्यात आपलं गाव इतकं तयार आहे की त्याचीच स्पर्धा असती तर टाकी आपलीच होती.

टाकी आपल्यालाच मिळाली, बाय द वे. हिरवी आहे. समितीच्या घरामागे उभी आहे. मी तिच्यातलं पाणी पीत नाही, विहिरीवर जाते. दाजी म्हणतात, "टाकीचा काय गुन्हा?" ते फार कमी बोलतात, पण नेमकं चुकीच्या वेळी बोलतात.

जूनच्या शेवटच्या रविवारी पाद्रीबुवांनी देवळात जाहीर केलं. आरोग्य खात्याचं पत्र त्यांनी वर धरलं. "वाइतोआ! एकसष्ट घरं, आणि त्यांत एकही जड मन नाही!" सगळं देऊळ "मालो! मालो!" अशी शाबासकी देत गरजलं. मीही गरजले. मग त्यांनी मातालोआचं वाचलं, चौदा घरांतून चौदा मनं जड. लोक हसले. मासिनाबाई माझ्या कानात म्हणाल्या, "बिचारे. लिहितातही तसंच." चौदा मनं जड म्हणून खात्याची एक नर्स आता दर गुरुवारी मातालोआला जाते. आपल्याकडे यायचं तिला कारणच नाही.

सिउला वाद्यवृंदाशेजारी गायकांत उभी होती, तिसऱ्या रांगेत. तिनं हात खाली सोडले. एवढंच मला दिसलं. "मालो" संपेपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि संपल्यावर पाहिलं. रागानं बघितलं असतं तर मी काहीतरी टोमणा मारून निभावलं असतं. ती नुसती खात्री करून घेत होती.

कागद गेला हे तिला तिथं कळलं. ज्या एका ठिकाणी तिनं खरं सांगितलं, तिथून ते परत आलं, साऱ्या गावासमोर, "उत्तम" होऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पठारावर गेली. पहिल्या पत्रात मी लिहिलं, पोरी जातात फिरायला. तिनं जाण्याआधी तिचा शाळेचा गणवेश धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवला होता. वर चिठ्ठी होती, "मोआनाला होईल." मोआना म्हणजे दाजींच्या भावाची धाकटी. परत येणारी पोरगी गणवेश दुसरीच्या नावानं घडी घालून ठेवत नाही. ही चिठ्ठी सगळ्यांत आधी मला सापडली. मी ती खिशात घातली आणि शोधायला निघालेल्यांना म्हणाले, "फिरायला गेली असेल." त्यामुळे ते आधी किनाऱ्यावर गेले. अर्धा दिवस गेला त्यात.

आणखी एक आहे. हे सगळ्यांत मागं ठेवलं होतं. खरं तर तुला सांगायचंच नव्हतं, म्हणून मुलांच्या माथी मारलं.

मेच्या तपासणीत आपलं घर आलं. चिटणिसाचं घर म्हणून मासिनाबाई जरा घाईनं पुढं निघाल्या. मला वाटलं, लोक म्हणतील स्वतःच्या घराला सोडलं. सिउला सकाळी अकरा वाजता मच्छरदाणीत पडलेली होती, भिंतीकडे तोंड करून म्हटलं असतं, पण आपल्या घरांना भिंती कुठं. खांबाकडे तोंड करून. मी लिहून घेतलं. समितीच्या घरात पन्नास-साठ बायका, पोरं दाराशी. आणि मी वाचलं:

"आकेनेसेचं घर. ताटं स्वच्छ. चादरी स्वच्छ. मच्छरदाणीत एक भूत. सतरा वर्षांचं. सरकारनं जाळी दिली डास बाहेर ठेवायला. ह्या घरी डास बिचारे बाहेर उभे राहून विचारतायत, बाई, आत कोण मेलंय का?"

घर कोसळेल असं हसले सगळे. मासिनाबाईंनी डोळे पुसले. इतकी वर्षं मी हसवत आलेय, पण असा हशा पिकलेला मला आठवत नाही. मी आणखी दोन वाक्यं जोडली. ती आता इथं लिहीत नाही. सिउला पाण्याच्या कळशीपाशी उभी होती. तीही हसली, थोडंसं. सगळे हसत असताना एकट्यानं न हसणं तिला जमलं नसेल.

दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला "भूत" म्हणायला लागली. शाळेत, बसमध्ये, देवळातून येताना. बसचा ड्रायव्हरसुद्धा. "ए भूत, मागं बस, पुढची माणसं घाबरतात." तिनं मला एकदा विचारलं, "आत्या, तू त्यांना सांगशील का?" मी म्हणाले, "तू लवकर उठायला लाग, आपोआप थांबेल."

महिन्याभरानं तो फॉर्म आला. तिनं तो भरला तेव्हा दोन चौकटींत खूण का केली ते मला आता कळतं. विचारणारं कुणीतरी शेवटी आलं होतं. तिला सगळं नीट सांगायचं होतं.

आता तू मला बहीण नाही म्हटलंस तर मी रुसणार नाही.

आकेनेसे


आपिआ
२१ नोव्हेंबर

फालानिको,

हे पत्र मी फाआसाओच्या व्हरांड्यातून लिहितेय. पोस्टमन आपिआचा आहे, तो लवकर पोचवेल.

सेनेरिताला मी उत्तर पाठवलं होतं: कागद आहे. जाळला नाही. घरच्या मानाच्या चटईच्या घडीत आहे, आईनं लग्नात दिलेल्या, आम्ही झोपतो त्या चटयांच्या खाली. जाळायला दोनदा चुलीपाशी नेला होता. का जाळला नाही ते सांगता येत नाही. चांगुलपणा होता असं समजू नकोस.

मग मी काकांकडे गेले. कुळाचे प्रमुख ते, त्यांच्याशिवाय हे करता येत नाही. मी म्हटलं, मला इफोगा करायचाय, चटईखाली बसून माफी मागायचीय. ते आंब्याच्या झाडाखाली पाय पसरून बसले होते, पाय ओढून घेतले.

"कुणाचा खून झाला?"

"होता होता राहिला."

"कुणापुढं बसायचंय?"

"सिउलापुढं."

त्यांनी पायावरची मुंगी झटकली. मग म्हणाले, "आकेनेसे, चटई डोक्यावर घेऊन आपली माणसं दुसऱ्या कुळापुढं बसतात. दुसऱ्या गावापुढं. आत्या भाचीपुढं बसली तर उद्या मास्तर पोरांपुढं बसतील."

"बसायलाच हवंय," मी म्हणाले. "मीच मास्तरीण आहे."

"पाद्रीबुवा काय म्हणतील?"

"लाइन गेली म्हणतील."

ते येणार नाहीत म्हणाले. मी एकटी जाईन म्हणाले. एकटीनं केलेल्याला इफोगा म्हणत नाहीत, म्हणाले. मग त्याला काय म्हणतात ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि बोटीच्या दिवशी पहाटे धक्क्यावर आले, टोपी घालून, कुणाला ओळखू येऊ नये म्हणून. दोनशे माणसांनी त्यांना ओळखलं.

निघण्याआधी समितीची तपासणी होती. मी वाचलं. "आकेनेसेचं घर. मच्छरदाणी स्वच्छ. उश्या उसन्या. एक फॉर्म बदललेला, चिटणिसाच्या हातानं. घर नापास." कुणी हसलं नाही. मी बिस्किटांचा डबा आणलाच होता, तो पुढं ठेवला. मासिनाबाईंनी तो उघडलाही नाही. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हे इथं वाचायची काय गरज होती?" मी म्हटलं, "मेमध्ये तरी काय गरज होती?" त्या संध्याकाळी मी भांडी विसळत असताना वाईफालेंची सून मागच्या वाटेनं आली. उश्या येतात त्याच वाटेनं. हातात काही नव्हतं. म्हणाली, "बाई, एखादा कोरा फॉर्म उरलाय का?" मग आणखी एक आली. निघेपर्यंत अकरा जणी आल्या. त्यांतली एक मासिनाबाई.

आता फाआसाओच्या घराचं. तुला माहीत आहे ते कसं आहे: गल्ली, समोर किराणा दुकान, पलीकडे टायरवाला. इफोगा करायला समोर मोकळं मैदान लागतं. इथं समोर खड्डा आणि एक कुत्रं. पहाटे साडेपाचला आम्ही बसलो, मी पुढं, काका आणि दाजी मागं. दाजींनी चटई माझ्या डोक्यावरून पसरली आणि म्हणाले, "नीट बस, पाय दिसतायत." कुत्रं आलं, वास घेऊन गेलं. सात वाजता दुकान उघडलं. पाव घ्यायला येणारे थांबायला लागले. एक बाई विचारत होती, "कुणी मेलं का?" दुकानदार म्हणाला, "नाही, सवाईची माणसं आहेत." जणू त्यानं सगळं समजतं. गाणी लावलेली एक बस आमच्यापाशी येऊन थांबली, गाणं बंद झालं, बस हळूच निघून गेली.

चटईखाली उकडतं, फालानिको. आपण ऐकून असतो की पूर्वी चटईखालच्या माणसाला ठार मारायचा हक्क समोरच्या कुळाला असायचा. मला तेव्हा वाटलं, उकाड्यानंच काम होईल. घाम फॉर्मवर पडू नये म्हणून मी तो ब्लाउजच्या आत धरला होता. फाआसाओ दोनदा दारापर्यंत येऊन परत गेल्याचं पावलांवरून कळलं. चटई उचलून माफ करायचा हक्क तिचा नव्हता. तिलाही ते ठाऊक होतं.

दहाच्या सुमारास चटईची कड वर झाली. उचलली गेली नाही, नुसती कड वर झाली, आणि सिउला आत शिरली. माझ्याशेजारी मांडी घालून बसली. तिनं कड पुन्हा खाली सोडली.

"आत्या, इथं जाम उकडतंय."

मी सरकून तिला जागा करून दिली.

"कागद आणलास?"

मी काढून दिला. ओला झालाच होता. तिनं उलगडून पाहिला, भाताची शितं अजून कडेला वाळलेली होती.

"जाळला नाहीस."

"नाही."

"का?"

"लाज वाटली."

"जाळायची की ठेवायची?"

"दोन्हीची. आणि मच्छरदाणीचं. ते सगळ्यांत जास्त."

बाहेर दाजी खोकले. मग तिनं तो कागद माझ्या हातात परत ठेवला.

"वाच," म्हणाली. "समितीत वाचतेस तसं. मोठ्यानं."

"इथं? लोक आहेत गं बाहेर."

"तिथंही होते."

मी वाचलं, फालानिको. तपासणीच्या आवाजात. "प्रश्न पहिला. गेल्या महिन्यात किती वेळा कारण नसताना थकवा आला? सतत." किराणा दुकानापाशी कुजबुज थांबली. "प्रश्न दुसरा." माझा आवाज तुला माहीत आहे, टायरवाल्यापर्यंत गेला असणार. चौथ्या प्रश्नाला तो फाटला. सिउला म्हणाली, "थांबू नकोस," आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दहाही वाचले. "दिवसावर आहे" हेही वाचलं. मग तिनं उभं राहून चटई उचलली, स्वतः, दोन्ही हातांनी, आणि उन्हानं माझे डोळे दिपले. काका रडत होते. टोपी हातात होती.

तिनं मला मिठी वगैरे मारली नाही. "आत या, चहा करते," म्हणाली, ते काकांना. सगळं सुटलं असं समजू नकोस. ती माझ्याबरोबर वाइतोआला येणार नाही म्हणते, आणि मी विचारणारही नाही. पण मंगळवारी नर्स आली तेव्हा तो ओला कागद सिउलानं स्वतः तिच्यापुढं ठेवला, आणि तासाचे दोन झाले. नर्सच्या प्रश्नाला मीही आता उत्तर दिलंय: हो, तिनं सांगितलं होतं. मला.

शेवटची मोकळी ओळ राहिली. ती मी त्या दिवशी गल्लीत वाचली नाही. तिनं नको म्हणून मान हलवली. ती तुझ्यासाठी आहे, आणि तुला कळवायला तिनं परवानगी दिली आहे. प्रश्न होता, "तुम्हाला कुणाशी बोलायला आवडेल?" तिनं लिहिलं होतं: "बाबांशी. फोन स्पीकरवर नसताना."

जूनपासून हे माझ्या झोपायच्या चटईखाली होतं. जूनमधल्या दर रविवारी मी त्याच चटईवर उशी टाकून फोन ठेवत होते आणि स्पीकरचं बटण दाबत होते.

फाआसाओचा नंबर खाली लिहिलाय. दुपारी चारला घरात कुणी नसतं. सिउला फोन घेऊन मागच्या पपईच्या झाडाखाली जाईल. मी तेव्हा बाजारात गेलेली असेन.

ती "बरी आहे" म्हणाली तर लगेच ठेवू नकोस. आणि तिनं उलट तुला विचारलं, तर तूही "उत्तम" म्हणू नकोस.

आकेनेसे